शेऱ्याचा रकाना

प्रिय ठमे,

हे पाकीट तुला जावईबापूंच्या हातून मिळेल. संध्याकाळी ते पिल्लूला न्यायला आले की दप्तर, डबा, वाफेचं मशीन आणि हे, असं सगळं मी त्यांच्या गळ्यात घालणार आहे. आधी जेवून घे आणि मग वाच, असा निरोपही देणार आहे, आणि तू तो ऐकणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. दोन गल्ल्या ओलांडल्या की आईचं घर, आणि आई पत्रं काय लिहीत बसली, असं म्हणत तू आधी फोन लावशील. लावू नकोस गं. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो, हो’ करते, ही आपली जुनी खोड आहे. या वेळी मला ‘हो, हो’ करायचं नाही. समोर बसून सांगायला गेले तर तुझा चेहरा बघून मी अर्ध्यात विषय बदलीन, म्हणून लिहिते आहे. अक्षर समजून घे, चष्म्याचा नंबर वाढला आहे.

पिल्लू बरा आहे. शाळेतून आला तेव्हा छाती वाजत होती, म्हणून तीन वाजता वाफ दिली. तो मुखवटा तोंडाला लावला की तो स्वतःला पायलट समजतो, त्यामुळे फार छळत नाही. आता पोटावर पडून ट्रक काढतो आहे. शाळेच्या खिडकीतून त्याला ट्रकतळाशिवाय काही दिसतच नाही, तर तो दुसरं काढणार काय! ट्रकच्या मागचा धूर काढून काढून काळा खडू संपला आहे, येताना एक आण.

गुरुवारी अकरा वाजता तुझा आराखडा समितीपुढे जाणार. पूर्व भागाच्या हवेतला धूर कुठून येतो याचा चार वर्षांचा अभ्यास, आणि तो कमी कसा करायचा याची योजना, वर तुझं नाव. तू दिलेली प्रत मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. गणिताची पानं डोक्यावरून गेली, पण ती गोल चकती मला नीट कळली. चव्वेचाळीस टक्के धूर लाकडाचा आणि भुशाचा. ट्रकांचा अकरा. बाकी रस्त्याची धूळ, कचरा, किरकोळ. आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही कळला: लाकडाच्या वखारीमागची वस्ती, तीनशे बारा घरं, पावाच्या चौदा भट्ट्या. चुली बंद, भट्ट्या बंद, मुदत नव्वद दिवस. शेवटी आभाराचं पान आहे. त्यात तू लिहिलं आहेस की पूर्व केंद्राच्या नोंदी चारही वर्षं इतक्या स्वच्छ आहेत की अशी आकडेवारी क्वचितच हाती येते. ते पान वाचलं आणि मी तो अहवाल फ्रिजवर ठेवून दिला. दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. दूध काढायला फ्रिज उघडायचे तेही मान खाली घालून.

पूर्व केंद्र म्हणजे मी. हे तुझ्या कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. तुझे साहेब ‘मायलेकींचा अहवाल’ म्हणून चेष्टा करतात, तेही तूच सांगितलंस. दर तिसऱ्या दिवशी त्या चार मजली विमा कचेरीच्या गच्चीवर जायचं, यंत्राचं झाकण उघडायचं, चिमट्याने जुना फिल्टर डबीत घालायचा, नवा बसवायचा, वहीत तारीख, वेळ, पंपाचा वेग, वारा, आणि शेवटी शेरा. तुझे बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतीस, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून सुटीच्या दिवशी मी तुला बरोबर न्यायचे. तेव्हा केंद्रं वेगळी होती, काम हेच. तू फिल्टरला बोट लावलंस आणि मी तुझ्या हातावर चापटी मारली, आठवतं? घामाचा डागसुद्धा वजनात येतो, असं मी तुला सांगितलं होतं. तू रडली नाहीस. घामाचं वजन किती, म्हणून विचारलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोर एक दिवस माझ्या वह्या तपासायला बसणार.

पण त्या शेऱ्याच्या रकान्याचं तुला मी कधी सांगितलं नाही. ते आता सांगते.

तू कॉलेजात होतीस तेव्हा माझ्याकडे बाजाराजवळचं केंद्र होतं. यंत्र एका बैठ्या छपरावर, आणि खाली भिंतीला लागून एक बाई निखाऱ्यांवर कणसं भाजायची. माझ्याच वयाची. मी आले की शिडी धरायची, कारण ती शिडी हलायची आणि मला उंचीची भीती वाटायची, जे मी कचेरीत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नियमाच्या पुस्तकात लिहिलं आहे की यंत्रापासून वीस मीटरच्या आत जाळ असला तर शेऱ्यात नोंदवा. त्या केंद्रावर मी नवी होते, आज्ञाधारक होते. लिहिलं: ‘खाली निखाऱ्याची शेगडी, रोज.’ तिसऱ्या दिवशी फिल्टर बदलायला गेले तर जागा मोकळी. पालिकेच्या गाडीने येऊन शेगडी, पाटी, बसायचा डबासुद्धा उचलून नेला होता. ती बाई समोरच्या फुटपाथवर उभी होती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “ताई, लिहायच्या आधी मला एकदा सांगायचं तरी. मी सरकले असते की.” आणि तशाही परिस्थितीत येऊन तिने माझी शिडी धरली. त्या दिवशी वर चढून मी काय नोंदवलं ते मला आठवत नाही. पण त्यानंतर माझ्या शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य राहिलं: ‘विशेष काही नाही.’ रस्ता खणला, पालापाचोळा पेटवला, एवढं मी लिहायचे, कारण तिथे माणूस नसायचा. माणूस असला की विशेष काही नाही.

मग हे पूर्व केंद्र मिळालं आणि लिफ्टवाले मामा भेटले. विमा कचेरीची लिफ्ट ते चालवतात. म्हणजे बटण दाबणारा माणूस आता कुठे लागतो म्हणा, पण ती लिफ्ट इतकी जुनी आहे की दार दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय लागत नाही, आणि ते कसब फक्त त्यांच्याकडे आहे. रस्ता रुंद झाला त्यात त्यांचं घर गेलं. तेव्हापासून ते आणि मामी गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीला लागून एक पत्रा टाकून राहतात. कचेरीतल्या कुणाला खबर नाही, किंवा असली तरी कुणी बोलत नाही, कारण मामांना काढलं तर दार ओढणार कोण! गॅस वर नेता येत नाही, नेला तर नजरेत येईल. म्हणून मामी भुशाची शेगडी करतात. तेलाच्या डब्यात भुसा ठासून भरायचा, मधे भोक, की सकाळी पेटवली तर दुपारपर्यंत धुमसते. भुसा खालच्या वखारीतून मिळतो. यंत्रापासून ती शेगडी किती लांब, ते मी मोजलं आहे. अकरा पावलं, माझी. तुझी नऊ होतील.

मी गप्प बसले असं समजू नकोस. पहिल्याच आठवड्यात मामांना म्हटलं की ज्या दिवशी फिल्टर चालू त्या दिवशी शेगडी नको. ते लगेच हो म्हणाले. तीन वेळा त्यांनी पाळलंही. चौथ्या वेळी मी वर गेले तर मामी दोन गोधड्या घेऊन बसल्या होत्या, गार पाण्याने त्यांची बोटं आखडली होती, आणि मला बघून त्या ओशाळल्या, जणू चूक त्यांची होती. ठमे, मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, पेटवा हो, वारा आज दुसऱ्या बाजूला आहे. वारा कुठे होता ते मी पाहिलंही नव्हतं. पुढे मामांनी स्वतःहून शेगडी भिंतीच्या आडोशाला नेली आणि मला अभिमानाने दाखवली, आता तुमच्या मशीनला दिसणार नाही म्हणाले. मी हसले, आणि वहीत लिहिलं, विशेष काही नाही. चार वर्षं. पाचशेच्या जवळपास फिल्टर.

मी स्वतःची समजूत कशी घालायचे तेही सांगते, म्हणजे सगळंच सांगून होईल. एवढं मोठं शहर, एवढ्या गाड्या, एवढ्या भट्ट्या, त्यात एका डब्याची शेगडी ती काय! हे खरं आहे, शहराच्या हिशेबात ती काहीच नाही. पण यंत्र शहराच्या मध्यावर नव्हतं, त्या शेगडीच्या शेजारी होतं. तुझ्या गणिताला धूर लाकडाचा आहे एवढं कळतं. तो वस्तीतून आला की अकरा पावलांवरून, हे त्याला कळत नाही, ते कळावं म्हणूनच तर तो रकाना ठेवलेला असतो. मामी भुसा जाळतात, वस्तीही भुसाच जाळते, दोघींना तो एकाच वखारीतून मिळतो. तेव्हा एकीचा धूर दुसरीच्या नावावर लागला यात तुझ्या गणिताचा काही दोष नाही.

गेल्या वर्षी मामी लिफ्टपाशी घसरून पडल्या आणि पाय मोडला. आठ आठवडे दोघंही त्यांच्या बहिणीकडे होते. त्या काळात फिल्टरांचा रंगच बदलला. एरवी तपकिरी यायचे, ते काळे-करडे यायला लागले. मी अडाणी नाही, हजारो फिल्टर या हातांनी उचलले आहेत, मला कळलं ते कशाचं काळं आहे. ट्रकतळावर गार मालाचे ट्रक उभे असतात, ते इंजिन बंदच करत नाहीत, माल विरघळेल म्हणून. परवा मी प्रयोगशाळेतल्या वजनवाल्या बाईंना त्या एकोणीस फिल्टरांचे आकडे काढायला सांगितले. लाकडाचा हिस्सा चव्वेचाळीसवरून पंधरावर. ट्रकांची काजळी मात्र जेवढीच्या तेवढी, म्हणजे उरलेल्यात तिचा वाटा लाकडाहून मोठा. हा भागाकार मलाही येतो. म्हणजे त्या वस्तीतल्या सगळ्या चुली विझल्या, तीनशे बारा घरं कुठेतरी लांब फेकली गेली, चौदा भट्टीवाले देशोधडीला लागले, तरी पिल्लूच्या वर्गाच्या खिडकीतून जे आत येतं ते तसंच येत राहील. त्याला तीन वाजता वाफ द्यावी लागेलच. याचा मला सगळ्यात जास्त धसका बसला आहे, ते लपवत नाही.

आणि त्या आठ आठवड्यांबद्दल तू मला विचारलं होतंस. फोनवर. आई, हे एकोणीस नमुने बाकीच्यांशी जुळत नाहीत, पंपाला काही झालं होतं का? मी खोटं बोलले. पंप म्हातारा झालाय गं, म्हटलं, माझ्यासारखाच. तू हसली नाहीस. मग म्हणालीस, बरं, मग काढून टाकते. अहवालात ते एका ओळीत आलं आहे: ‘पंपातील दोषामुळे एकोणीस नमुने वगळले.’ पंपाला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या चार वर्षांच्या कामात खरे होते ते तेवढेच एकोणीस, आणि तेच आपण दोघींनी मिळून बाहेर काढले.

मागच्या आठवड्यात मी वस्तीत जाऊन आले. का गेले, कोण जाणे, पाय वळले. नोटिशीचा मसुदा भिंतींवर लागला आहे. एका भट्टीच्या दारात एक बाई पिठाचे हात पुसत तो न्याहाळत होती, वाचता येत नव्हतं म्हणून मला म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचला. तुझीच भाषा, ठमे, ओळखता येते, छोटी छोटी वाक्यं, कुठे राग नाही, कुठे दोष नाही. बाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “आमचा धूर नाही असं मी म्हणत नाही. आहेच. पण समोर एवढे ट्रक घरघरतायत, ते त्यांच्या मशीनला दिसत नाहीत होय? आमचीच घरं बरी दिसली!” तिला काय माहीत की मशीन तिच्यासमोर पिशवी घेऊन उभं आहे. तिने मला एक गरम पाव दिला. मी तो घेतला, रस्त्यात खाऊही शकले नाही आणि टाकूही शकले नाही. घरी आणून पिल्लूला दिला, त्याने चाटूनपुसून खाल्ला.

त्यानंतर मी ठरवलं. काल रविवारी मामांकडे गेले आणि आधी त्यांना सांगितलं की मी हे सगळं लेखी देणार आहे, आणि ते दिलं की तुमची ही जागा जाणार. मामी आत भांडी आवरत होत्या, त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मामांनी लिफ्टच्या मोटारीच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे चार वर्षं वारा आमच्याच बाजूने होता म्हणायचा. त्यांना राग आला होता, यायलाच हवा होता. माझ्यावर विसंबून त्यांनी तिथे संसार मांडला आणि मी त्यांना चार वर्षं वाऱ्याची थाप मारली. पहिल्याच महिन्यात मी खरं बोलले असते तर तेव्हाच काहीतरी खटपट करून दोघांना खाली खोली बघून देता आली असती. दयेपोटी केलं असं मी म्हणत होते, पण त्यात आळस किती होता आणि भीती किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

तर बातमी अशी की काल संध्याकाळपासून दोघं आपल्या घरी आहेत. तुझ्या खोलीत. तुझी पुस्तकं माळ्यावर गेली, टेबल बाल्कनीत आहे, आणि तुझ्या त्या पडद्यांना मामींनी आल्या आल्या नावं ठेवली. ट्रक टाकून पिल्लू आता कपाटाचं दार दोन्ही हातांनी ओढून लिफ्ट चालवतो आहे, मामा मजले पुकारतायत. तू चिडशील. मला विचारायचं तरी, म्हणशील. पण खोली तुझी असली तरी घर माझं आहे, आणि माझ्या चुकीला छप्पर मीच द्यायला हवं. मामींना गॅसवरच्या चहाला चव नाही वाटत. होईल सवय.

आज सकाळी मी तुझ्या कचेरीत जाऊन निवेदन दिलं. तू वर होतीस, मी वर आले नाही, खाली आवक खिडकीवरच दिलं. दीड पान आहे. शेगडी किती पावलांवर, किती वर्षं, शेऱ्यात मी मुद्दाम ‘विशेष काही नाही’ लिहिलं, पंपाबद्दल खोटं सांगितलं, ते एकोणीस फिल्टर शीतपेटीत शाबूत आहेत, पुन्हा तपासावेत. यंत्र हलवावं आणि ट्रकतळाच्या भिंतीपाशी आणखी एक ठेवावं, असंही शेवटी लिहिलं, मला कुणी विचारलं नसताना. कारकुनाने शिक्का मारला, क्रमांक दिला. उद्या दुपारपर्यंत तो कागद साहेबांच्या आणि तुझ्या टेबलावर येईल. आराखडा या महिन्यात मंजूर झाला नाही तर दोन वर्षं मागे पडेल, तुझी बढती लांबेल, हे सगळं मला कळतं. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, माझ्यामागे चौकशी लागेल. लागू दे. तिची मला जेवढी वाटायला हवी तेवढी भीती वाटत नाही, त्याहून दुसऱ्याच गोष्टीची वाटते, आणि तीच लिहायला मी एवढी पानं घालवली.

निवेदनात एक गोष्ट मी लिहिलेली नाही. मागच्या हिवाळ्यात अहवालासाठी फोटो काढायला तू गच्चीवर आली होतीस. लिफ्ट बंद होती, चार जिने चढून आलीस म्हणून मामींनी तुला चहा दिला. तू तो शेगडीशेजारी उभी राहून प्यायलीस, कप ठेवलास, यंत्राकडे पाहिलंस, परत शेगडीकडे पाहिलंस. मला काही विचारलं नाहीस. मग कॅमेरा काढलास आणि दोन पावलं डावीकडे सरकून फोटो घेतलास. अहवालात तो छापला आहे, त्यात यंत्र आहे, आभाळ आहे, शेगडी नाही. पंपाचा फोन त्यानंतरचा. मी खोटं बोलले, ते तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तुला कळलं हे मला कळलं होतं. तू माझी नोकरी वाचवत होतीस की तुझा अहवाल, की मामींचा पत्रा, मी विचारणार नाही, मला स्वतःचंच सांगता येत नाही. पण गुरुवारी समिती मला बोलावेल, आणि हे आणखी कुणाला माहीत होतं का, असं विचारेल. ठमे, तुझ्यासाठी मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, पण या प्रश्नाला मी खोटं उत्तर देणार नाही. तू माझी मुलगी आहेस म्हणून तुला तीन दिवस आधी सांगते आहे. माझा नंबर येण्याआधी तू उभी राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. मी तिथेच असेन.

तुझीच, तू कितीही दिवस बोलली नाहीस तरी तुझीच,
आई